डिस्क दिसत नाही म्हणजे ती गेली असे नव्हे

सन्माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणे थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे घरोघरचे चांगले चालणारे लॅपटॉप एका दिवसात जुने ठरले. तेव्हापासून जो तो सांगतो, मशीन भंगारात देऊ नका, लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घाला. विंडोज लागत असेल तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. सल्ला खरा आहे, माझा त्याला पाठिंबाच आहे. पण तो देताना एक पायरी, म्हणजे लिनक्सला मशीनमधली डिस्कच दिसली नाही तर काय करायचे ही, सांगायची राहून जाते, आणि त्या पायरीवर माझे बावीस वर्षांचे काम जाता जाता राहिले. म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, पण कापू नये अशी विनंती आहे.

गिरगावात ठाकूरद्वारच्या बाजूला माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तके, वर्षश्राद्धाच्या जाहिराती, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल असे काम असते. मुलगी बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात लॅपटॉप एकच. सकाळी तो माझ्याबरोबर दुकानात येतो, रात्री जेवणे झाली की तिच्याकडे जातो. तिला कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्स हवे होते. मला विंडोज सोडता येत नाही, कारण प्रेसवाले कोरल या विंडोजवरच्या डिझाइन प्रोग्रॅमची फाइल मागतात आणि माझे जुने मॅटर सगळे श्रीलिपीत, म्हणजे जुन्या मराठी फॉन्टमध्ये, आहे. दुसरा लॅपटॉप घेण्याइतकी ऐपत नाही. एकाच मशीनवर दोन्ही, हाच आमच्यासारख्यांचा मार्ग.

गेल्या श्रावणात एका रविवारी तिने डेबियनचा, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराचा, पेनड्राइव्ह तयार केला. त्याआधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्हमधली १०० जीबी जागा मोकळी केली. तिथे आकडा एमबीमध्ये द्यावा लागतो, म्हणजे १,०२,४००. इथपर्यंत सगळे सरळ झाले. आमची डिस्क ५१२ जीबीची एसएसडी, विंडोज ती ४७६ दाखवते, हेही मला त्या दिवशीच कळले.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केले आणि ते कुठे बसवायचे हे विचारणारे पान आले. त्या पानावर आमची डिस्कच नव्हती. पेनड्राइव्ह होता आणि खाली १ टीबीची बाहेरची हार्डडिस्क होती. ही बाहेरची डिस्क म्हणजे माझ्या दुकानाचा बॅकअप. काम सुरू करण्याआधी सगळे कॉपी करून घेतले होते, आणि ती काढून ठेवायची राहिली होती. लिनक्स बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे इन्स्टॉलरला, जागा म्हणून तेवढीच डिस्क दिसत होती, म्हणून त्याने तीच निवडून ठेवली होती. बाजूला लिहिले होते, पूर्ण डिस्क पुसून टाका. मुलीला वाटले एकच पर्याय आहे म्हणजे तीच आपली डिस्क असणार. तिचे बोट 'पुढे' या बटनावर होते. मी पोळ्या लाटत होते, सहज मान वळवली आणि पडद्यावर १ टीबी वाचले. "अगं थांब, आपली डिस्क पाचशेची आहे ना?" एवढेच विचारले. तिने हात मागे घेतला आणि पहिल्यांदा ती वायर उपसून काढली.

म्हणून माझी पहिली विनंती ही. लिनक्स बसवायला घेताना बॅकअपची डिस्क मशीनला लावलेली ठेवू नका. तो बॅकअप कपाटात असू द्या. आणि पडद्यावर दिसणारी डिस्क किती जीबीची आहे हे मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानाचे नाव लिहीत नाही. तिथल्या मुलाने पाच मिनिटे बघितले आणि म्हणाला, एसएसडी जायला आलीय, लिनक्सला दिसत नाही म्हणजे खराबच. नवी टाकू, विंडोज नवीन मारू, डेटा निघाला तर निघाला, त्याचे पैसे वेगळे. त्या लॅपटॉपमध्ये एका मंडळाच्या अहवालाची ६४ पाने होती, दोन दिवसांत प्रेसला जायची होती. मी विचारले, खराब असेल तर विंडोज कसे चालते? त्यावर तो म्हणाला, चालतंय तोवर चालतंय. आम्ही लॅपटॉप उचलला आणि चालत परत आलो.

माझ्या कामात हा प्रकार मी रोज बघते. कोणीतरी जुन्या फॉन्टमधली फाइल घेऊन येते. त्यांच्या मशीनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. माणूस घाबरून म्हणतो, ताई, मॅटर उडालं, पुन्हा टाइप करा. मॅटर उडालेले नसते. अक्षरन्‌ अक्षर जागेवर असते, त्या मशीनवर फक्त तो फॉन्ट नसतो. फॉन्ट टाकला की पान जसेच्या तसे उभे राहते. पण हे ठाऊक नसलेला माणूस पुन्हा टाइप करायचे पैसे देतो, आणि जुनी फाइल पुसूनही टाकतो. आमच्या डिस्कचेही तसेच निघाले.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. लिनक्स त्यांनी कधी बघितलेले नाही, पण फॉल्ट शोधण्यात आयुष्य गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "एका टोकाला घंटी वाजतेय ना? मग वायर तुटलेली नाही. मधला जोड बघा."

त्या रात्री मुलीने पेनड्राइव्हवरून लिनक्स पुन्हा चालू केले. यावेळी काहीच बसवायचे नव्हते, फक्त बघायचे होते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, मशीन सुरू होतानाच्या नोंदी वाचता येतात, त्या तिने उघडल्या. शेकडो ओळी होत्या. त्यात एक ओळ आम्हाला हवी ती होती. तिचा अर्थ असा: एक एनव्हीएमई डिस्क दुसऱ्या पत्त्यावर वळवलेली आढळली, ती वापरायची असेल तर बायोसमध्ये रेडवरून एएचसीआयवर या. एनव्हीएमई हा एसएसडीचाच प्रकार. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा मशीनचा स्वतःचा प्रोग्रॅम, आणि रेड व एएचसीआय या त्यातल्या डिस्क जोडायच्या दोन पद्धती. म्हणजे लिनक्सने डिस्क बघितली होती, ती आहे हे त्याला माहीत होते, तिच्यापर्यंत जायचा रस्ताही त्याने लिहून ठेवला होता. इन्स्टॉलरच्या गुळगुळीत पानावर मात्र त्यातले काही आले नव्हते.

यामागचे कारण मला समजले तसे सांगते. इंटेलची रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी, म्हणजे आरएसटी, नावाची एक व्यवस्था आहे. नोंदीतले 'रेड' ते हेच. दोन-तीन डिस्क एकत्र बांधून एक करायच्या असतील किंवा हार्डडिस्कला ऑप्टेन या इंटेलच्या वेगवान मेमरीची जोड द्यायची असेल तर ती उपयोगाची. इंटेलने ऑप्टेनचा धंदा २०२२ मध्ये गुंडाळायला घेतला. पण अनेक लॅपटॉप कारखान्यातूनच ही व्यवस्था चालू ठेवून बाहेर पडले, आत एकच साधी एसएसडी असली तरी. अशा वेळी डिस्क थेट समोर येत नाही, या व्यवस्थेच्या आडून येते. विंडोजमध्ये त्यासाठीचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, आधीच घातलेला असतो, म्हणून तिथे काही जाणवत नाही. लिनक्स आडून आलेली डिस्क उचलत नाही. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपमध्ये हीच गोष्ट बऱ्याचदा व्हीएमडी या नावाने सापडते. लिनक्समध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आहे, त्यामुळे लिनक्सच्या ताज्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह केल्यावर कधी कधी तेवढ्यानेच काम होते. उबंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराचा इन्स्टॉलर तर आरएसटी चालू असल्याचे स्पष्ट सांगून थांबतो, हे मला फार योग्य वाटते. प्रत्येकाने तसे सांगायला हवे.

आता खरी मेख. हे कळल्यावर उत्साहात मुलगी बायोसमध्ये गेली आणि तिने आरएसटी काढून एएचसीआय लावले. मशीन सुरू केले तर निळा पडदा, आणि त्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितलेली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. आम्ही कधी कुलूप लावले नव्हते. आमची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद आहे हे आम्हाला त्या पडद्यानेच सांगितले. विंडोजच्या होम आवृत्तीतही डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने हे असते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की बऱ्याच मशीनवर ते आपोआप चालू होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. खाते कोणाचे? तीन वर्षांपूर्वी हा लॅपटॉप मी सेकंडहँड घेतला, तेव्हा विक्रेत्याच्या मुलाने "ताई, सगळं सेट करून देतो" म्हणत स्वतःचा कुठला तरी ईमेल टाकला होता. मला त्याने चार आकडी पिन दिला, आणि मी तीन वर्षे तोच दाबत होते. माझ्या दुकानाची किल्ली एका अनोळखी माणसाच्या ईमेलमध्ये होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

त्या पडद्यासमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बॅकअप होता हे खरे, पण त्यानंतर अहवालाची शेवटची अकरा पाने लावली होती, ती फक्त यात होती. मुलगी रडवेली झाली. मग तिनेच विचार केला की जे बदलले तेच परत करू. बायोसमध्ये जाऊन पुन्हा आरएसटी केले. विंडोज किल्ली न मागता उघडले. मी पहिल्यांदा ती अकरा पाने पेनड्राइव्हवर घेतली, मगच पाणी प्यायले.

आमचा अनुभव एवढाच असता तर पत्र लिहिले नसते. पण नंतर चौकशी केली तेव्हा माझ्याच ओळखीतल्या दोन घरांत असेच झालेले कळले. त्या दोघांनी निळ्या पडद्यावरून मागे न येता सरळ दुकानात जाऊन फॉरमॅट करून घेतले होते. एकीचे मुलाच्या बारशापासूनचे फोटो गेले. बायोसमधला एक पर्याय परत होता तिथे ठेवला असता तर कदाचित ते आजही असते.

आम्ही पुढे काय केले ते क्रमाने सांगते, कारण सगळा जीव त्या क्रमात आहे. आधी विंडोजमध्ये माझा स्वतःचा ईमेल टाकून खाते बदलून घेतले. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून मॅनेज-बीडीई या आज्ञेने ४८ आकडी किल्ली पडद्यावर आणली. मुलीने मोठ्याने वाचली, मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिली, मग मी वाचली आणि तिने पडद्याशी ताडून पाहिली. प्रूफ वाचायची हीच पद्धत आहे, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवायचे. त्यानंतर सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद केले. रात्री साडेनऊला लावले, बारा वाजून गेल्यावर पूर्ण झाले. ते पूर्ण होईपर्यंत दुसरे काहीही केले नाही. ज्यांना एन्क्रिप्शन हवे आहे त्यांनी सगळे झाल्यावर पुन्हा चालू करावे आणि नवी किल्ली पुन्हा लिहून घ्यावी, कारण लॅपटॉप चोरीला गेला तर त्याचा उपयोग मोठा आहे. त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. मालकाला न सांगता ते चालू असावे, याविरुद्ध आहे.

एन्क्रिप्शन नसले तरी आरएसटीवरून एएचसीआयवर उडी मारली की विंडोज बहुतेक वेळा उठत नाही. 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा येतो. त्यावर उपाय आहे. विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडायचे, बूटच्या पानावर सेफ बूट, मिनिमल ही खूण करायची आणि मशीन रीस्टार्ट करायचे. रीस्टार्ट होताना थेट बायोसमध्ये शिरायचे, एएचसीआय लावायचे, सेव्ह करायचे. विंडोज सेफ मोडमध्ये उठताना एएचसीआयचा ड्रायव्हर स्वतः लावून घेते. मग एमएसकॉन्फिगमधली ती खूण काढायची आणि पुन्हा नेहमीसारखे सुरू करायचे. आमचे विंडोज असेच उठले. फाइल एकही हलली नाही.

यात एक धोका आहे, तो ठळक छापावा. मशीनमध्ये खरोखरच दोन डिस्क रेडने बांधलेल्या असतील किंवा हार्डडिस्कला ऑप्टेनची जोड असेल, तर हा बदल करू नका. तसे केले तर डेटा हाती लागणार नाही. विंडोजमधल्या इंटेलच्या प्रोग्रॅममध्ये जोड आहे की नाही ते दिसते. असेल तर आधी तिथून ती सोडवावी लागते.

मग पुन्हा डेबियन बसवायला घेतले तेव्हा त्या पानावर पहिल्याच ओळीत आमची ५१२ जीबीची डिस्क आली, आणि तिच्यात मुलीने मोकळी केलेली १०० जीबीची जागा वेगळ्या रंगात. मुलगी काही बोलली नाही, तिने नुसते पडद्यावर बोट ठेवले. त्या जागेत लिनक्स बसायला वीस मिनिटेही लागली नाहीत.

बाकीच्या दोन गोष्टी लहान आहेत. विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असले की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला त्या फाइली नुसत्या वाचता येतात, बदलता येत नाहीत. आणि दोन्ही बसल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे गेले तर बॅटरी बदलू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच स्थानिक समजते, आणि भारताचा फरक नेमका साडेपाच तासांचा आहे. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की जुळते. माझ्या तीन बिलांवर पहाटेची वेळ छापली गेली तेव्हा लक्षात आले.

काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये आरएसटी की एएचसीआय हा पर्याय दिसतच नाही. एसरच्या अनेक मॉडेलमध्ये मेन या पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबले की तो उघडतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याने रात्रभर शोधले तरी सापडायचे नाही.

आता माझी मागणी. मुंबईत लॅपटॉप विकणाऱ्या, नवा असो वा जुना, प्रत्येक दुकानाने ग्राहकाच्या समोर ग्राहकाच्याच ईमेलवर खाते उघडावे. डिस्कवर एन्क्रिप्शन चालू आहे की नाही हे बिलावर लिहावे, आणि चालू असेल तर ४८ आकडे कागदावर छापून हातात द्यावेत. घराची चावी दिल्याशिवाय कोणी घर विकत नाही. ज्या कॉलेजांना मुलांच्या मशीनवर लिनक्स हवे आहे, त्यांनी पहिल्या आठवड्यात या एका गोष्टीसाठी एक तास द्यावा आणि तो मराठीतूनही समजावून सांगावा. सगळी मुले इंग्रजी पडदे वाचून त्याचा अर्थ लावू शकत नाहीत, आणि त्यांच्या आया तर नाहीच. आणि आपण, संपादक महोदय, तंत्रज्ञानाच्या पानावर नव्या फोनच्या कॅमेऱ्याइतकीच जागा याला द्यावी.

वर लिहिलेला क्रम मी मोठ्या टाइपात एका ए-फोर पानावर लावला आहे. मुलीने तपासला, काकांनी शुद्धलेखन बघितले. खाली रिकव्हरी की लिहायला आठ चौकटी ठेवल्या आहेत. दुकानाच्या काउंटरवर त्याच्या प्रती आहेत. गिरगावातल्या कोणीही येऊन न्याव्यात, पैसे नाहीत. छापायला जागा असेल तर त्याची फाइल आपल्याला पाठवते. युनिकोडमध्ये आहे, कुठल्याही मशीनवर उघडेल.

आपली नम्र,
एक डीटीपी व्यावसायिक, गिरगाव, मुंबई
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)